सर्वेक्षणात किती शाळा, किती मुलं आली? सहभाग मोजायला शिकणाऱ्यांसाठी

बी.एड.चं वर्ष चालू असतं, एखाद्या संस्थेत नुकतीच नोकरी लागलेली असते, किंवा शाळेत शिपाई आदेशाचा कागद घेऊन येतो: अमुक तारखेला सर्वेक्षणाच्या कामी हजर राहावे. मुंबईत मोठ्या शैक्षणिक सर्वेक्षणाशी बहुतेकांची पहिली गाठ अशीच पडते. प्रशिक्षणात प्रश्नपत्रिकांचं पाकीट कधी फोडायचं, ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल कसे भरून घ्यायचे, हे नीट सांगतात. ‘किती शाळा आणि किती विद्यार्थी सहभागी’ हा रकाना मात्र सगळ्यात शेवटी, घाईघाईत भरला जातो.

मी समन्वयक म्हणून ही कामं बरीच वर्षं केली आहेत, गोवंडीच्या पालिका शाळांपासून दादरच्या अनुदानित शाळांपर्यंत. माझं ठाम मत आहे की निकालाच्या सरासरीइतकाच, कधी कधी तिच्याहून जास्त, हा रकाना महत्त्वाचा असतो. कोण आलं नाही हे ठाऊक नसेल तर जे आले त्यांच्या गुणांवरून शहराबद्दल काहीच बोलता येत नाही.

हजर मुलं मोजणं सोपं असतं, ती समोर बसलेली असतात. कितीपैकी हजर, हे ठरवताना खरा कस लागतो. अंश सगळेच बरोबर मोजतात, घोळ होतो तो छेदात. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये मी छेदावरच जास्त बोलणार आहे.

१. आपलं सर्वेक्षण कोणत्या प्रकारचं आहे ते आधी विचारा

सगळ्या मोठ्या चाचण्यांना एकच नियम लागू होत नाही. पहिल्याच बैठकीत विचारून घ्या: ही चाचणी निवडक शाळांची आहे, सगळ्या शाळांची आहे, की घरोघरी जाऊन करायची आहे?

निवडक शाळांची, म्हणजे नमुना काढून केलेली. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, ज्याला सगळे ‘नॅस’ म्हणतात, ते ह्या प्रकारचं. १२ नोव्हेंबर २०२१ ला झालेल्या नॅसमध्ये तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावी हे वर्ग होते, आणि सुमारे १ लाख १८ हजार शाळांमधली ३४ लाख मुलं बसली होती. त्यानंतरचं ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ ४ डिसेंबर २०२४ ला झालं: तिसरी, सहावी, नववी, ७८१ जिल्हे, ७४,२२९ शाळा, २१ लाखांहून अधिक विद्यार्थी. बातम्यांत येणारे हे आकडे अंशाचे असतात. त्यांच्याकडे पाहून सहभाग ‘प्रचंड’ आहे असं वाटतं, पण निवडलेल्यांपैकी किती, हे त्यांतून कळत नाही. आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ (पंधरा वर्षांच्या मुलांची) आणि ‘टिम्स’ (चौथी-आठवीच्या गणित-विज्ञानाची) ह्याही नमुना चाचण्याच. पिसामध्ये भारतातून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्यं २००९ च्या फेरीच्या विस्तारात सहभागी झाली होती.

सगळ्या शाळांची, म्हणजे राज्याच्या मूल्यांकन चाचण्यांसारखी. तिथे नमुना नसतो, त्यामुळे छेद म्हणजे त्या इयत्तेतली सगळी मुलं.

घरोघरी जाऊन केलेली, म्हणजे ‘असर’. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ती करते. मूल शाळेत जात नसेल, किंवा त्या दिवशी शाळेत आलं नसेल, तरी घरी सापडतं, हे तिचं मोठं बळ. एका जिल्ह्यात ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं, अशी तिची नेहमीची रचना आहे. पण असर ग्रामीण भागापुरती असते, त्यामुळे मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे तिच्यात येत नाहीत. ‘प्रथम’चं काम मात्र सुरू झालं ते मुंबईच्याच वस्त्यांमधून.

शिष्यवृत्ती परीक्षा ह्या यादीत धरू नका. तिला मुलं फॉर्म भरून बसतात. कोणाला बसवायचं हे बहुधा शाळा आणि पालकच ठरवतात. तिथे बसलेल्यांची टक्केवारी काढून ती ‘सहभाग’ म्हणून दाखवणं मला अजिबात पटत नाही.

२. सोबत काय काय हवं

निघायच्या आदल्या दिवशी हे सगळं एका फाइलमध्ये लावा:

- निवडलेल्या शाळांची यादी, प्रत्येकीचा ११ अंकी यूडायस क्रमांक (शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीतला), माध्यम, व्यवस्थापन आणि अधिवेशन (सकाळ की दुपार)
- प्रत्येक निवडलेल्या शाळेसमोर तिची ठरवून दिलेली बदली शाळा (ती मिळाली नाही तर तिच्या जागी घ्यायची)
- परवानगीचं पत्र. पालिकेच्या शाळांसाठी पालिकेच्या शिक्षण विभागाचं, खाजगी माध्यमिक शाळांसाठी त्या त्या विभागाच्या शिक्षण निरीक्षकांचं (दक्षिण, उत्तर, पश्चिम)
- ओळखपत्र आणि नियुक्तीचं पत्र
- विद्यार्थी यादीचा कोरा तक्ता, शेऱ्याच्या रकान्यासह
- शाळाभेटीची नोंदवही: कधी फोन केला, कोण बोललं, काय उत्तर मिळालं
- पालकांना द्यायचं माहितीपत्र, शाळेच्या माध्यमाच्या भाषेत

शेवटच्या दोन गोष्टी लोक हटकून विसरतात. नोंदवही नसली की महिन्याभराने ‘ह्या शाळेने नकार दिला होता की आपणच पोचलो नव्हतो?’ ह्याचं उत्तर कोणाकडे नसतं.

मुलांच्या नावांची यादी व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. शिवाय कायदा नसता तरी कोणाच्या मुलाचं नाव, जन्मतारीख आणि ‘गैरहजर’ हा शेरा दहा फोनांवर फिरावा, हे बरं नाही.

३. शाळांची यादी मुंबईच्या डोळ्यांनी तपासा

यादी बहुतेक वेळा यूडायसवरून निघते. यूडायसची माहिती ३० सप्टेंबर ही तारीख धरून भरलेली असते. तुमची चाचणी डिसेंबरात असेल आणि यादी मागच्या वर्षाच्या माहितीवरून काढलेली असेल, तर मधल्या काळात शाळा बंद झालेली असू शकते, दुसरीत विलीन झालेली असू शकते, किंवा इमारत धोकादायक ठरल्यामुळे दुसरीकडे भरत असू शकते.

मुंबईतली सगळ्यात मोठी अडचण एका इमारतीत अनेक शाळा भरण्याची आहे. पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. एकाच फाटकातून आत गेल्यावर तळमजल्यावर मराठी, वर उर्दू, दुपारी हिंदी, असं चित्र नेहमीचं. प्रत्येकीचा मुख्याध्यापक वेगळा, पट वेगळा, यूडायस क्रमांक वेगळा. बाहेरची पाटी वाचून आत शिरलात तर चुकीच्या शाळेत चाचणी होते. मग निवडलेली शाळा कागदावर ‘सहभागी नाही’ ठरते आणि चाचणी झालेली शाळा नमुन्यातच नसते. म्हणून फाटकावर नाव विचारू नका. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून ११ अंक एकेक करून पडताळा.

खाजगी शाळांत दुसरी गोष्ट घडते. काही शाळांत प्राथमिक आणि माध्यमिक विभाग एकाच संस्थेचे असले तरी त्यांचे क्रमांक वेगळे असतात. तुम्हाला सहावी हवी असते आणि पत्र पाचवीपर्यंतच्या विभागाला गेलेलं असतं. केंद्रीय मंडळाच्या शाळा ‘आम्हाला हे लागू नाही’ म्हणून सुरुवातीलाच हात झटकतात. सर्वेक्षणात त्या धरल्या आहेत का, हे नियमपुस्तिकेत बघा आणि त्यांना तो परिच्छेद दाखवा.

तपासून झालं की प्रत्येक शाळेपुढे चारपैकी एक शेरा यायलाच हवा: सहभागी, नकार किंवा संपर्क झाला नाही, अपात्र (बंद झाली, किंवा ती इयत्ताच नाही), वगळलेली (उदाहरणार्थ फक्त विशेष गरजा असलेल्या मुलांची शाळा, आणि तशा शाळा वगळायचं आधीच ठरलेलं आहे). चारातला एकही न बसणारी शाळा सापडली तर वरिष्ठांना विचारा, मनाने ठरवू नका.

४. शाळांच्या सहभागाचा दर काढा, आणि तो दोनदा काढा

एक कल्पित उदाहरण घेऊ. मुंबईत ४० शाळा निवडल्या. त्यांतल्या २ बंद झालेल्या निघाल्या, म्हणजे अपात्र. त्या छेदातून गेल्या. उरल्या ३८. मूळ निवडलेल्यांपैकी ३२ शाळांनी होकार दिला, ६ शाळांकडून नकार आला. नकार देणाऱ्यांच्या जागी ठरवून दिलेल्या बदली शाळांपैकी ४ मिळाल्या.

चाचणीच्या दिवशी ३२ पैकी एका शाळेत निवडलेल्या ३० मुलांपैकी ९ च आली. टिम्समध्ये एखाद्या वर्गातली निम्म्याहून कमी मुलं आली तर तो वर्ग सहभागी धरतच नाहीत. आपणही आपल्या उदाहरणापुरता शाळेला तोच नियम लावू. मूळ शाळांपैकी खऱ्या सहभागी ३१ राहिल्या.

बदलीआधीचा दर: ३१ भागिले ३८, म्हणजे ८१.६ टक्के.
बदलीनंतरचा दर: ३५ भागिले ३८, म्हणजे ९२.१ टक्के.

दोन्ही आकडे लिहायचे. ९२ हा आकडा दिसायला छान आहे म्हणून तेवढाच अहवालात जातो, हा नेहमीचा सापळा. बदली शाळा ही मूळ शाळेसारखी दिसणारी शाळा असते (त्याच गटातली, साधारण त्याच आकाराची), पण ती मूळ शाळा नसते. नकार देणाऱ्या शाळा काही विशिष्ट कारणाने नकार देत असतील, तर ते कारण बदली शाळेत नसतं.

आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे निकष इथे कामाला येतात. पिसामध्ये मूळ निवडलेल्या शाळांपैकी ८५ टक्के आल्या तर प्रश्न नाही. ६५ ते ८५ च्या मध्ये असाल तर बदली शाळा घेता येतात, पण मूळ दर जितका कमी तितका बदलीनंतरचा दर जास्त लागतो. ६५ च्या खाली गेलात तर बदली शाळांनी भरपाई होत नाही. टिम्समध्येही शाळांसाठी ८५ टक्क्यांची अपेक्षा असते आणि प्रत्येक निवडलेल्या शाळेमागे दोन बदली शाळा आधीच ठरवून ठेवतात. हे निकष कागदावर राहत नाहीत: २००० च्या पिसामध्ये नेदरलँड्सचे आणि २००३ च्या पिसामध्ये युनायटेड किंगडमचे निकाल, सहभाग पुरेसा नाही म्हणून, मुख्य तुलनेतून बाहेर ठेवले गेले. श्रीमंत देश, उत्तम शाळा, आणि तरीही.

बदली शाळा स्वतः शोधू नका. ‘ती शाळा नाही म्हणतेय ना, मग शेजारचे सर माझ्या ओळखीचे आहेत’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. ओळखीची शाळा म्हणजे सहकार्य करणारी शाळा, आणि सहकार्य करणारी शाळा बहुधा नीट चालणारी शाळा. तिला घेतलं की निकाल वर सरकतो, आणि का सरकला ते नंतर कोणालाच सांगता येत नाही.

५. मुलांची यादी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

शाळेत पोचलात की मुख्याध्यापकांकडून त्या इयत्तेचा हजेरीपट मागा. सर्व तुकड्यांचा. नॅस २०२१ मध्ये एका वर्गातली जास्तीत जास्त ३० मुलं घेत असत. टिम्समध्ये अख्खी तुकडी घेतात. पिसा इयत्ता बघत नाही, वय बघते: १५ वर्षं ३ महिने ते १६ वर्षं २ महिने. तुमची पद्धत कुठलीही असो, निवड पटावरून करायची. समोर बसलेल्या मुलांतून केलेली निवड बाद समजा. ‘आज आलेल्यांतली तीस घ्या’ म्हटलं की गैरहजर मूल छेदातून कायमचं गायब होतं, सहभाग शंभर टक्के दिसतो आणि त्या शंभराला काही अर्थ राहत नाही.

मग येतो खरा प्रश्न: पटावर असलेलं प्रत्येक नाव म्हणजे शाळेत असलेलं मूल का? महाराष्ट्राने ह्या प्रश्नाचं उत्तर एकदा मोठ्या प्रमाणावर शोधलं आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी विशेष पटपडताळणी झाली आणि पटावर असलेली पण वर्गात नसलेली मुलं फार मोठ्या संख्येने आढळली. शिक्षकांची मंजूर पदं संच मान्यतेत पटावरून ठरतात, त्यामुळे नाव कमी करायला शाळा सहज तयार होत नाही. आता यूडायसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला कायम क्रमांक मिळतो, त्यामुळे एकच मूल दोन शाळांच्या पटावर असेल तर ते सापडणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे.

मुंबईत ह्यात आणखी भर पडते. झोपडपट्टी पुनर्विकासात घर तुटलं की कुटुंब संक्रमण शिबिरात किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाला जातं. मूल जवळच्या शाळेत बसायला लागतं, दाखला न्यायला मात्र कोणी येत नाही. बांधकामावरची कुटुंबं काम संपलं की हलतात. दिवाळीला गावी गेलेली मुलं डिसेंबरपर्यंत परतत नाहीत. ही सगळी नावं पटावर असतात.

म्हणून निवडलेल्या प्रत्येक नावापुढे शेरा हवा. मी हे सहा शेरे वापरते:

- ह: चाचणीला हजर
- गै: पटावर आहे, त्या दिवशी आला नाही
- न: पालकांनी किंवा मुलाने नकार दिला
- दा: दाखला घेऊन शाळा सोडली, चाचणीच्या आधी
- चु: नोंदच चुकीची (दुसऱ्या इयत्तेतलं मूल, दोनदा आलेलं नाव)
- व: नियमानुसार वगळलेला

आता छेद. ‘ह’ अंशात आणि छेदात दोन्हीकडे. ‘गै’ आणि ‘न’ फक्त छेदात. ‘दा’ आणि ‘चु’ दोन्हींतून बाहेर, कारण ती मुलं त्या शाळेच्या त्या वर्गात नाहीतच. ‘व’ सहभागाच्या छेदातून बाहेर, पण त्याची मोजणी वेगळी ठेवायची, कारण किती मुलं वगळली हे स्वतंत्रपणे सांगावं लागतं. पिसामध्ये शाळा आणि विद्यार्थी मिळून वगळलेल्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं.

‘व’ हा शेरा सगळ्यात सांभाळून वापरा. ज्या अपंगत्वामुळे मुलाला ह्या चाचणीत बसणंच शक्य नाही, किंवा ज्या मुलाला चाचणीच्या भाषेत शिकायला लागून वर्षही झालेलं नाही, त्यांच्यासाठी तो आहे. उत्तर प्रदेशातून दोन महिन्यांपूर्वी आलेलं, मराठी माध्यमात बसलेलं मूल ह्यात येऊ शकतं. ‘त्याला वाचताच येत नाही’ हे कारण चालत नाही. ज्याला वाचता येत नाही, त्याला मोजण्यासाठीच तर आपण आलो आहोत. कमी गुण पडतील म्हणून मूल बाहेर काढणं टिम्स आणि पिसा दोन्हींत स्पष्टपणे मना आहे.

आणि दीर्घ गैरहजर मूल? वर्गशिक्षिका हमखास म्हणतात, “ताई, हा जूनपासून आलेलाच नाही, ह्याचं नाव काढून टाका ना, उगाच शाळेची टक्केवारी पडते.” त्यांचं म्हणणं चुकीचं नसतं, त्यांना रोजचा वर्ग दिसत असतो. मी सांगते, “बाई, नाव राहू द्या, शेऱ्यापुढे कधीपासून येत नाही ती तारीख लिहूया.” दाखला गेलेला नाही तोवर ‘गै’. सोबत तारीख लिहून ठेवली की नंतर दर दोन्ही प्रकारे काढता येतो, दीर्घ गैरहजर धरून आणि सोडून. नावच काढलं तर तो मार्ग बंद होतो. हे मूल शाळेत आहे की शाळाबाह्य झालं आहे, हा प्रश्न सर्वेक्षणापेक्षा मोठा आहे, आणि त्याची निदान नोंद तरी आपल्या हातून व्हावी.

एका मुलाच्या जागी दुसरं मूल बसवायचं नाही, कधीच. शाळेला बदली शाळा असते, मुलाला बदली मूल नसतं. ‘तो आला नाही, तर ही हुशार आहे, हिला घ्या’ ह्यावर उत्तर एकच: जागा रिकामी राहील.

६. चाचणीचा दिवस

तारीख वरून ठरलेली असेल तर फार काही हातात नसतं. ती ठरवण्यात तुमचा आवाज असेल, तर जुलैचा पावसाळा, गणपती, दिवाळीनंतरचा पहिला आठवडा आणि सहलींचे दिवस टाळा. लोकल बंद पडली की मुलांपेक्षा आधी शिक्षक गैरहजर राहतात. दुपार अधिवेशनाच्या शाळेत सकाळी जाऊन थांबू नका, आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शुक्रवारची वेळ आधी विचारून घ्या.

वर्गात पोचल्यावर पहिल्यांदा यादीतली नावं वाचून शेरे भरा, मगच पाकीट फोडा. चाचणी संपल्यावर आठवणीने भरलेला तक्ता भरवशाचा नसतो.

गैरहजर मुलांसाठी दुसरी फेरी घेता येते का, हे आधीच विचारून ठेवा. टिम्समध्ये वर्गातली उपस्थिती ९० टक्क्यांच्या खाली गेली तर राहिलेल्यांसाठी पुन्हा चाचणी घ्यावीच लागते. एका दिवसात उरकायच्या सर्वेक्षणांत ही सोय नसते. असेल तर ती सोडू नका.

७. मुलांचा दर काढा

एका शाळेचं कल्पित उदाहरण. निवडलेली मुलं ३०. त्यांत २ ‘दा’, १ ‘व’. छेद झाला २७. त्या दिवशी आली २२, दुसऱ्या फेरीत आणखी ३. दर: २५ भागिले २७, म्हणजे ९२.६ टक्के. दुसरी फेरी घेतली नसती तर ८१.५. कोणी शेरे न बघता २२ ला ३० ने भागलं असतं तर ७३.३. मुलं तीच, वर्ग तोच, तीन वेगळे आकडे.

आता सगळ्या शाळा एकत्र करताना काळजी घ्या. दोन शाळा घेऊ. दोघींची निवड होण्याची शक्यता सारखीच होती असं धरू. पहिल्या शाळेच्या पटावर २०० मुलं, त्यांतली ३० निवडली, २० आली. दुसऱ्या शाळेच्या पटावर ३०, सगळीच निवडली, २८ आली. नुसती बेरीज केली तर ६० पैकी ४८, म्हणजे ८० टक्के. पण पहिल्या शाळेतलं प्रत्येक निवडलेलं मूल जवळजवळ सात मुलांच्या वतीने बसलं आहे, दुसरीतलं फक्त स्वतःच्या. हा ‘भार’ लावला की पहिलीत २०० पैकी १३३, दुसरीत ३० पैकी २८, मिळून २३० पैकी १६१. दर ७० टक्के. दहा टक्क्यांचा फरक पडला.

शाळा पटाच्या प्रमाणात निवडल्या असतील तर मोठ्या शाळेची निवड होण्याची शक्यताच जास्त असते, तिचा भार त्या मानाने कमी होतो आणि हा फरक बराच आटतो. म्हणून शाळा कशा निवडल्या हे नमुना काढणाऱ्यांना विचारा आणि भार त्यांच्याकडूनच घ्या. दर मात्र भारासह आणि भाराशिवाय असा दोन्ही प्रकारे काढून ठेवा. दोन्हींत मोठी तफावत दिसली तर मोठ्या शाळांत आणि छोट्या शाळांत काहीतरी वेगळं घडतंय, तिथे परत जाऊन बघा.

एकूण सहभाग म्हणजे शाळांचा दर गुणिले मुलांचा दर. शाळा ९२ टक्के आणि मुलं ९० टक्के, दोन्ही आकडे भक्कम वाटतात, पण एकूण होतो ८३ टक्के.

८. कोण राहिलं ते बघा

८३ टक्के आले, मग १७ टक्के कोण? ती मुलं बाकीच्यांसारखीच असती तर फारसं बिघडत नाही. बहुतेक वेळा ती तशी नसतात. शाळेत कमी येणारं मूल चाचणीलाही कमीच येतं.

हिशोब सोपा आहे. न आलेल्यांचं प्रमाण गुणिले आलेल्या आणि न आलेल्या मुलांच्या गुणांतला फरक. १५ टक्के मुलं आली नाहीत आणि ती आली असती तर सरासरी २० गुण कमी मिळवती, तर तुमची सरासरी ३ गुणांनी फुगलेली आहे. न आलेल्यांचे गुण आपल्याकडे नसतात, पण मागच्या सत्राचे गुण, हजेरीचे दिवस, माध्यम, मुलगा-मुलगी हे शाळेकडे असतं. आलेल्यांच्या आणि राहिलेल्यांच्या ह्या गोष्टी शेजारी शेजारी मांडा. शाळांसाठीही तेच करा: व्यवस्थापन, माध्यम, पट, विभाग. मुंबईत निदान माध्यमवार दर तरी काढाच. तेलुगू किंवा कन्नड माध्यमाच्या निवडलेल्या शाळा मोजक्याच असतात, त्यांतली एक गळाली की त्या माध्यमाबद्दल बोलण्याचा हक्कच जातो, आणि एकूण टक्केवारीत ते कुठेच दिसत नाही.

९. अहवालात काय लिहायचं

एका परिच्छेदात ह्या गोष्टी आल्या पाहिजेत: निवडलेल्या शाळा किती, अपात्र किती, बदलीआधीचा आणि बदलीनंतरचा दर, निवडलेली मुलं किती, सहाही शेऱ्यांखाली किती किती, भारासह आणि भाराशिवाय मुलांचा दर, एकूण दर, वगळलेल्यांचं प्रमाण, आणि यादी कोणत्या तारखेची होती. नमुना असा:

“३० सप्टेंबरच्या माहितीवरून ४० शाळा निवडल्या. २ बंद असल्याने अपात्र. ३८ पैकी ३१ मूळ शाळा (८१.६ टक्के), बदली शाळा धरून ३५ (९२.१ टक्के). १ शाळा उपस्थिती निम्म्याहून कमी असल्याने सहभागी धरलेली नाही.”

त्या शेवटच्या वाक्यावर वरिष्ठ पेन फिरवतील. ते राहू द्या म्हणून आग्रह धरा. शेऱ्यांचे मूळ तक्ते आणि शाळाभेटीची नोंदवही अहवाल छापून आला तरी कुलूपबंद कपाटात ठेवा, फेकू नका: पुढच्या फेरीत त्याच शाळांचा दर अचानक वर गेला किंवा खाली आला, तर छेद दोन्ही वेळा एकाच पद्धतीने धरला होता का, हे त्या कागदांवरूनच तपासता येतं.